उतारवयातील योगाभ्यास : मोकळ्या हवेत आणि चारचौघांत

योगाचा अभ्यास कोठे करावा, याविषयी हठप्रदीपिकेच्या कर्त्याने मोठी काटेकोर सूचना देऊन ठेवली आहे. एकांत जागी लहानशी मठी असावी, तिचे दार अरुंद असावे, भिंतींना भोके वा खिडक्या नसाव्यात, जमीन शेणाने सारवलेली असावी आणि साधकाने तेथे निश्चिंतपणे अभ्यास करावा, असा त्या सूचनेचा आशय आहे. योगाचा नाश करणाऱ्या म्हणून ज्या सहा गोष्टी त्याने मोजल्या, त्यांत अत्याहार, प्रयास म्हणजे अतिश्रम, आणि प्रजल्प म्हणजे वायफळ बडबड यांच्या पंक्तीला त्याने 'जनसंग' हाही बसविला आहे. हे वाचून झाल्यावर सकाळी सहाच्या सुमारास आपल्या शहरातील कोणत्याही बागेत जाऊन पाहावे. वडाच्या किंवा रेन ट्रीच्या छायेत सतरंज्या पसरून वीसपंचवीस वृद्ध स्त्रीपुरुष बसलेले असतात. तेथे खिडक्या नाहीत, कारण भिंतीच नाहीत. जनसंग भरपूर आणि प्रजल्प तर विचारूच नये! ताडासनात हात वर असतानाच कोणाच्या तरी सुनेचा किंवा महानगरपालिकेच्या पाण्याचा विषय निघालेला असतो. ग्रंथकाराने हा देखावा पाहिला असता तर त्याने कपाळाला हात लावला असता.

आणि तरीही आम्ही असे म्हणणार आहोत की, ज्याने साठी ओलांडली आहे आणि ज्याच्या खिशात गोळ्यांची डबी आहे, अशा माणसाच्या बाबतीत मोकळी जागा आणि जनसंग या दोन निषिद्ध गोष्टी म्हणजेच निम्मे औषध होय. उरलेले निम्मे आसनांत व श्वासोच्छ्वासात आहे; मात्र त्या निम्म्यात अपायही लपलेला आहे, आणि तो कोठे आहे हे सांगितल्याशिवाय नुसती योगाची थोरवी गाणे म्हणजे श्रोत्यांशी अप्रामाणिकपणा ठरेल.

ग्रंथकाराशी भांडण काढण्याचे वास्तविक कारण नाही. त्याच्यापुढे जो साधक होता त्याला संसार सोडावयाचा होता. लोकांचा सहवास हा त्याच्या वाटेतील अडथळा. आमच्यापुढे जो सत्तरीचा गृहस्थ आहे त्याची गोष्ट उलटी आहे. त्याने लोकांना सोडलेले नाही, लोकच त्याच्यापासून एकेक करून दूर झाले आहेत. कचेरी सुटली, बरोबरीचे मित्र गेले, मुले परगावी किंवा परदेशी, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरावयाचे तर गुडघा नको म्हणतो. अशाला पुन्हा एकांतातील मठी सांगून काय साधणार? त्याचे राहते घर हीच आता मठी झालेली आहे. तोच ग्रंथकार दुसऱ्या ठिकाणी असेही म्हणतो की, तरुण असो, वृद्ध असो, अतिवृद्ध असो, रोगी असो वा दुर्बळ असो, जो आळस टाकून अभ्यास करील त्याला सिद्धी मिळेल. त्याच्या या दुसऱ्या वचनाचा आधार घेऊन आम्ही पहिल्याला रजा देतो.

हा प्रश्न आज थोड्यांचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे भारतात सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे दर शंभरांत साडेआठाहून थोडी अधिक होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण दहाच्या जवळपास होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे.

योग मठीतून मैदानात आला तो बऱ्याच अंशी आपल्याच प्रांतात. बडोद्याजवळ मालसर येथे राहणाऱ्या माधवदास महाराजांच्या दोन शिष्यांनी हे काम आरंभिले. योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईजवळ वर्सोव्यास योगसंस्था काढली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. कुवलयानंदांनी आसनांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरणांनी व रक्तदाबाच्या यंत्राने तपासावयास सुरुवात केली; श्रद्धेचा विषय त्यांनी मोजमापाखाली आणला, हे त्यांचे मोठेपण. पुढे शाळांतील मुलांसाठी त्यांनी यौगिक संघव्यायामही बसविला, आणि योग हा अनेकांनी मिळून करण्याचा विषय होऊ शकतो हे लोकांच्या अंगवळणी पडले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, दोर, तक्क्या, लाकडी ठोकळा अशी साधने वापरून ताठरलेल्या व दुखऱ्या शरीरांनाही आसन साधेल अशी युक्ती काढली. या दोन थोर मंडळींच्या कामाचा मेळ घातला की आमचा विषय सिद्ध होतो : एकाचा संघ आणि दुसऱ्याची खुर्ची.

मात्र संघव्यायाम शाळकरी मुलांसाठी होता, हे विसरून चालणार नाही. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरविला आणि २०१५ पासून तो गावोगाव साजरा होऊ लागला. चांगलेच झाले. परंतु ध्वनिक्षेपकावरून आकडे मोजले जात आहेत आणि हजार माणसे एका ठेक्यात वाकत आहेत, या कवायतीत आठवड्यापूर्वी ज्याची रक्तदाबाची गोळी बदलली आहे असा माणूसही त्याच ठेक्यात वाकतो, हे पाहून आमच्या पोटात गोळा येतो. वृद्धांच्या वर्गात आकडे मोजू नयेत. प्रत्येकाचा श्वास हाच त्याचा आकडा.

आता शरीराकडे वळू. म्हातारपणी माणूस कशाला भितो? मरणाला भितो असे म्हणण्याची पद्धत आहे. पण आम्ही ज्या वृद्धांशी बोललो त्यांची मोठी भीती पडण्याची होती. न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि माणूस अंथरुणाला खिळला, ही हकीकत प्रत्येकाच्या नात्यात एखादी तरी असतेच. या भीतीचा परिणाम असा की, माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी केले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू गळतात. स्नायू गळले की तो अधिक लवकर पडतो. सावधगिरीनेच संकट ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

आपण उभे राहतो ते तीन साक्षीदारांच्या भरवशावर. डोळे सांगतात की क्षितिज कोठे आहे. अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या वाटोळ्या नलिका सांगतात की डोके कोणत्या बाजूला कलले. आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतील सूक्ष्म संवेदना सांगतात की भार कोणत्या पायावर आहे. वयाबरोबर तिन्ही साक्षीदार मंदावतात. मोतीबिंदूने पहिला अंधुक होतो, मधुमेहाने तळव्यांना बधिरता आली की तिसरा जवळजवळ मुका होतो. मग राहिलेल्यांवर भार पडतो. रात्री दिवा न लावता उठणारा मधुमेही माणूस का पडतो, याचे उत्तर यात आहे : अंधारात डोळ्यांची साक्ष गेली, पायांची आधीच गेलेली होती, आणि एकट्या कानाच्या साक्षीवर देह उभा राहीना.

हे साक्षीदार सरावाने पुन्हा काही अंशी बोलके होतात. ताडासनात दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन उभे राहणे, टाचा किंचित उचलणे, एका पायावर उभे राहून वृक्षासनाचा प्रारंभ करणे, हे सर्व त्यांचेच शिक्षण आहे. बागेतील जमीन फरशीसारखी सपाट नसते, आणि थोडासा चढउतार घोट्यांना कामाला लावतो. ही मोकळ्या जागेची एक देणगीच म्हणावयाची. मात्र वृक्षासन करताना एक हात खऱ्याखुऱ्या वृक्षावर, बाकाच्या पाठीवर किंवा लोखंडी कठड्यावर ठेवलेला असावा. हात ठेवणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे. पहिल्या महिन्यात तळवा टेकवावा, पुढे दोन बोटे, पुढे नुसते एक. आणि कोणाला कधीच बोट सोडता आले नाही तरी बिघडत नाही.

ब्राझीलमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद उभे राहावयास सांगितले. पाचांतील सुमारे एकाला ते जमले नाही. पुढील काही वर्षांत, वय व इतर रोगांचा हिशेब वजा जाता, न जमलेल्यांच्या मृत्यूचा धोका जमलेल्यांहून ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा कोणी करू नये. तोल जाणे ही अनेक बिघाडांची एकत्रित खूण आहे, इतकेच. परंतु तोल सुधारण्याने पडणे कमी होते, हे मात्र आता बऱ्याच खात्रीने सांगता येते. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने शंभरांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत व्यायाम करणाऱ्या वृद्धांचे पडणे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा वाटा त्यांत मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या आपल्या सूचनांत ६५ वर्षांवरील माणसांना आठवड्यातून निदान तीन दिवस असे तोलाचे व बळाचे व्यायाम सांगितले आहेत. योगासनांपुरते बोलावयाचे तर, त्यांनी वृद्धांचा तोल व चालणे सुधारते असे प्रयोगांत दिसले आहे; पडण्याचे प्रमाण किती घटते, याविषयी तितकाच भक्कम पुरावा अजून जमा झालेला नाही. जेवढे सिद्ध झाले तेवढेच पदरात घ्यावे.

याच्या जोडीला एक गोष्ट आम्हांला आसनांहूनही महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सतरंजीवर खाली बसणे आणि पुन्हा उठणे. आपले आईवडील दिवसातून वीसवेळा जमिनीवर बसत व उठत. जेवण पाटावर, पूजा पाटावर, भाजी निवडणे विळीपुढे. त्यांनी व्यायाम म्हणून काही केले नाही, पण मांड्यांना रोजचे काम होते. टेबल, खुर्ची, पलंग आणि कमोड यांनी ते काम हिरावून घेतले. दुखऱ्या गुडघ्यांना खुर्चीने दिलेला आराम खरा आहे, तो कोणी नाकारू नये. परंतु ज्याला जमिनीवरून उठता येत नाही तो एकदा पडला की मदत येईपर्यंत तेथेच राहतो. म्हणून वर्गात हे मुद्दाम शिकवावे : आधी कुशीवर वळावे, मग हातांवर व गुडघ्यांवर यावे, रांगत बाकापर्यंत जावे, बाकावर दोन्ही हात ठेवावेत, बळकट पाय पुढे घ्यावा आणि मग उठावे. उठल्यावर लगेच चालू लागू नये. ज्यांचे गुडघे बदललेले आहेत किंवा अगदीच झिजलेले आहेत त्यांनी हा भाग वगळून खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा सराव करावा. वज्रासनाचा हट्ट त्यांना कोणी धरू नये. योगनाशक सहांत 'नियमाग्रह' हाही एक आहे, हे अशा वेळी शिक्षकाला आठवावे!

श्वासोच्छ्वासाविषयी थोडक्यात सांगतो. २००१ साली इटलीत २३ निरोगी माणसांवर एक गमतीदार प्रयोग झाला. त्यांना एकदा लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एकदा तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणावयास लावले. दोन्हींच्या वेळी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली, आणि रक्तदाब सावरून धरणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. देव कोणता, हा प्रश्न फुप्फुसांना पडला नाही. समुदायात ओंकार लांबवून म्हटला की घडते ते हेच : उच्छ्वास दीर्घ होतो, हृदयाची गती मंदावते, आणि शेजारचा म्हणतो आहे म्हणून आपणही थोडे अधिक लांबवतो. ज्यांना दम लागतो त्यांनी ओठ शीळ घालण्यासारखे करून हळूहळू श्वास सोडावा. श्वास कोंडून धरणे आणि कपालभाती-भस्त्रिकेचे जोरदार भाते हे मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी वर्ज्य करावेत.

येथून अपायाचा विषय लागतो, आणि त्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण बागेतील वर्गांत याच ठिकाणी अधिक हलगर्जीपणा होतो.

पुढे वाकण्याची आसने निरुपद्रवी समजली जातात. पश्चिमोत्तानासन म्हणजे बसून पायांचे अंगठे धरावयाचे, त्यांत भीती कसली? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झालेला आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक योगशिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पाठीच्या मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांपैकी काहींना मागे झुकण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे. मागे झुकणाऱ्यांत १६ टक्क्यांच्या मणक्यांना नव्याने चेप बसली. पुढे वाकणाऱ्यांत ८९ टक्क्यांच्या! पुढे वाकणाऱ्यांचा गट लहान होता, हे खरे. परंतु फरक इतका मोठा आहे की, पाळी जाऊन वर्षे लोटलेल्या, पाठीत बाक आलेल्या बाईला अंगठे धरावयास लावण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही. तिने पालथे पडून भुजंगासनात छाती जरा उचलावी, किंवा खुर्चीवर ताठ बसून खांदे मागे न्यावेत. हाडांना तेच मानवते.

दुसरी गोष्ट काचबिंदूची. चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांच्या डोळ्यांतील दाब मोजला, तो आसनाच्या वेळी दुपटीपर्यंत चढलेला आढळला. काचबिंदू हा रोग दृष्टी चोरून नेतो आणि पुष्कळांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. म्हणून साठीनंतर डोळे तपासून घेतल्याखेरीज डोके खाली व पाय वर असे कोणतेही आसन करू नये, आणि काचबिंदू असल्यास मुळीच नाही. बेल्जमच्या राणी एलिझाबेथ यांना अय्यंगार यांनी १९५८ साली, त्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी, शीर्षासन करविले, ही गोष्ट आमच्यापुढे नेहमी ठेवली जाते. तेथे एका शिष्येमागे एक अय्यंगार होते! बागेत चाळीस माणसांमागे एक स्वयंसेवक असतो.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी कित्येकांचा दाब निजून उठताच एकदम उतरतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला तर डॉक्टर त्याला रोग मानतात. डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. शवासनानंतर कुशीवर वळून थोडे थांबणे, मग बसणे, पोटऱ्या हलविणे आणि मगच उठणे, यांत दोन मिनिटे जातात. ती वाचविण्यात शहाणपण नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने 'योग रिकाम्या पोटी' हा नियम आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. आमच्या पाहण्यातील एका वर्गात एक गृहस्थ एकाएकी घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागले. शिक्षक म्हणाले, शरीर शुद्ध होत आहे. शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांचे ऐकले नाही. पिशवीतला गूळ त्या गृहस्थांच्या तोंडात घातला आणि ते पाच-दहा मिनिटांत ताळ्यावर आले. जनसंगाचे महत्त्व आम्हांला त्या दिवशी जेवढे पटले तेवढे ग्रंथ वाचून पटले नव्हते.

हृदयविकाराच्या बाबतीत आपल्या देशात एक मोठी चाचणी झाली आहे. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांना २४ रुग्णालयांत विभागून, काहींना योगावर आधारलेला अभ्यासक्रम व इतरांना नेहमीचा सल्ला देण्यात आला. २०२० साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यांत निश्चित असा फरक दिसला नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. योगाने नळ्या मोकळ्या होतात, गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्या मंडळींना यात काही सापडणार नाही. पण झटक्यानंतर जिना चढावयासही घाबरणारा माणूस पुन्हा मंडईत जाऊ लागला, ही गोष्ट ज्यांनी असा माणूस घरात पाहिला आहे त्यांना लहान वाटणार नाही.

मोकळ्या हवेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोवळ्या उन्हात बसल्याने 'ड' जीवनसत्त्व मिळते, असे घरोघरी सांगितले जाते. ते जीवनसत्त्व सूर्यप्रकाशातील ज्या किरणांमुळे त्वचेत तयार होते, ते किरण सूर्य खाली असताना वातावरणाच्या जाड थरातच बहुतांशी अडतात. सकाळी सहाच्या उन्हातून त्यांचा लाभ नगण्य. शिवाय वृद्ध त्वचेची ते बनविण्याची शक्ती उणावलेली असते. तेव्हा रक्त तपासून डॉक्टर देतील ती पुडी किंवा गोळी घ्यावी. मग सकाळच्या प्रकाशाचा उपयोग नाही काय? आहे, पण निराळा. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत की ज्यांचे मुख्य काम वस्तू दाखविणे हे नसून दिवस उगवल्याची वर्दी मेंदूला देणे हे आहे. या शतकाच्या आरंभी त्यांचा उलगडा झाला. घरातल्या दिव्याच्या कित्येक पट प्रखर असा बाहेरचा उजेड सकाळी डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्री झोप वेळेवर येते. दिवसभर पडदे ओढून दूरदर्शनपुढे बसणाऱ्या आणि रात्री दोन वाजता जागणाऱ्या वृद्धाला झोपेच्या गोळीआधी ही वर्दी द्यावी.

हवा मात्र नेहमीच शुद्ध असते असे नाही. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडतो. त्यातच झाडलोट करून पाला पेटविलेला असतो. दमेकऱ्यांनी हिवाळ्यात ऊन वर आल्यावर, आठनंतर यावे. हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या प्रहरी अधिक येतात, म्हणून थंडीत कानटोपी व मफलर घालून आधी पाच मिनिटे सावकाश चालावे. उन्हाळ्यात याच्या उलट : सूर्योदयाला आरंभ करून सातच्या आत उठावे. वृद्धांना तहान कमी लागते आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचे पाणी आधीच उतरलेले असते. बरोबर पाण्याची बाटली असावी. पावसाळ्यात हिरवळ निसरडी होते, तेव्हा देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी मागून घ्यावी. चार बाजूंनी उघडा मंडप आम्ही मोकळी हवाच समजतो.

राहता राहिला जनसंग. २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून असे दाखविण्यात आले की, ज्यांचे लोकांशी संबंध दाट होते त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी अधिक होती. आम्हांला या आकड्याचा प्रत्यय २०२० च्या मार्चनंतर आला. टाळेबंदीत बागांना कुलपे लागली आणि आमच्या माहितीतील वर्ग दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागले. आसने तीच, शिक्षक तेच, वेळ तीच. मठी मात्र ग्रंथात सांगितल्याप्रमाणे एकांत! महिन्याभरात हजेरी निम्म्यावर आली, आणि पुढे बागा उघडल्या तेव्हा कित्येकांच्या हातात काठी आली होती. घरी एकट्याने करावयाचे ते आज राहिले तर उद्या करता येते. सहाला कोणीतरी वाट पाहत आहे म्हटल्यावर माणूस उठतो. कोणी दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारावर थाप पडते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अशी थाप देणारे दुसरे कोण आहे?

या वर्गांत पुरुष पुष्कळ आणि स्त्रिया थोड्या असतात, याची मात्र आम्हांला खंत वाटते. ज्यांची हाडे अधिक लवकर ठिसूळ होतात आणि ज्या वैधव्यात अधिक वर्षे काढतात त्याच येत नाहीत, कारण सकाळी सहा ते आठ ही वेळ नातवंडांच्या डब्यांची, दुधाची आणि शाळेच्या गाडीची. आजोबा वृक्षासन करीत असतात तेव्हा आजी पोळ्या लाटीत असते. त्यांना येण्याचा उपदेश करून भागणार नाही. वेळ बदलली पाहिजे. आमच्या ओळखीच्या काही बायकांनी हिवाळ्यात दुपारी साडेचारचा आणि उन्हाळ्यात साडेपाचनंतरचा वर्ग आपल्या आपण सुरू केला. त्यांना जागा मिळाली ती देवळामागच्या पारावर. शिक्षिका त्यांच्यातीलच, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी प्रत्येकीचे नाव, रोग, गोळ्या आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत उतरवून घेतला आहे, आणि कोणती आसने कोणी करावयाची नाहीत हे त्याच पानावर तांबड्या शाईने लिहिले आहे. पहिले दोन महिने नऊ जणी होत्या, आता सव्वीस आहेत. वर्ग संपल्यावर अर्धा तास तरी कोणी उठत नाही.